सरकत्या रेघांची सहा पाने

जपानच्या केमिकल सोसायटीच्या बुलेटिनचा १९६५ सालचा अडतिसावा खंड. पान १८८१ वर ताकेओ ओझावा यांचा निबंध सुरू होतो आणि १८८६ वर संपतो. मथळा असा की कुणी सहज पान उलटून पुढे जावे: थर्मोग्रॅव्हिमेट्रीच्या आकड्यांचे विश्लेषण करण्याची एक नवी पद्धत. पॉलिमरच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बहुतेकांनी या निबंधातले सूत्र कधी ना कधी वापरलेले असते. आता तर ते यंत्राबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच असते, बटण दाबले की उत्तर हजर. निबंध मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो. मीही पहिली कितीतरी वर्षे नुसते सूत्रच वापरले. मग एका पावसाळ्यात, वीज गेल्यामुळे यंत्र बंद पडले होते तेव्हा, छापील प्रत घेऊन खिडकीशी बसलो. तेव्हापासून दर वर्षा-दोन वर्षांनी तो पुन्हा वाचतो. ओळखीची बंदिश शंभराव्यांदा ऐकताना तिच्यातली एखादी जागा नव्याने कानाला लागावी, तसे या सहा पानांचे आहे. त्या जागा दाखवाव्यात म्हणून हे लिहितो आहे.

आधी यंत्र. टीजीए म्हणजे भट्टीत टांगलेला तराजू. कोतारो होंडा यांनी १९१५ मध्ये जपानमध्येच असा तराजू बांधला आणि त्याला थर्मोबॅलन्स हे नाव दिले. आजच्या यंत्रात करंगळीच्या नखाएवढी प्लॅटिनमची वाटी असते. तिच्यात पाचेक मिलिग्रॅम पॉलिमर, म्हणजे तांदळाच्या दाण्याचा चौथा-पाचवा हिस्सा. भोवती नायट्रोजन वाहता ठेवायचा, म्हणजे नमुना जळत नाही, नुसता तुटतो. भट्टीला सांगायचे की मिनिटाला दहा अंश चढ. तराजू क्षणोक्षणी वजन टिपत राहतो. कागदावर उमटणारी रेघ मला नेहमी सह्याद्रीच्या छेदासारखी दिसते. आधी लांबच लांब देशाचे पठार, मग घाट, मग खाली कोकणची पट्टी. पठारावर पॉलिमर शाबूत असतो, घाटात साखळ्या तुटून वायू होऊन निघून जात असतात, आणि खाली उरतो तो कोळसा, किंवा काहीच नाही.

आता तोच पॉलिमर, तेवढाच, पण मिनिटाला दोन अंशांनी तापवा. घाट डावीकडे सरकतो. मिनिटाला वीस अंशांनी तापवा, उजवीकडे सरकतो. किती? एक हिशेब मांडून दाखवतो. समजा, पॉलिमरची सक्रियण ऊर्जा मोलला २०० किलोज्यूल आहे आणि दोनच्या वेगाला तो ४०० अंश सेल्सिअसपाशी सर्वांत झपाट्याने मोडतो. मग वीसच्या वेगाला तो सुमारे ४४४ अंशांपाशी मोडेल. पदार्थ तोच, वाटी तीच, आणि फरक चव्वेचाळीस अंशांचा.

स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही. मंद आचेवर कांदा निवांत परतला तर जी तांबूस छटा येते, तीच घाईत आणायची तर आच वाढवावी लागते. भट्टीतही तसेच. दोनच्या वेगात पॉलिमरचा प्रत्येक अंशावर अर्ध्या मिनिटाचा मुक्काम होतो, वीसच्या वेगात जेमतेम तीन सेकंदांचा. साखळीतला बंध तुटणे हा संधीचा मामला आहे. किती बंध तुटतील हे तापमानावर ठरते, तसेच त्या तापमानाला किती वेळ मिळाला यावरही ठरते. वेळ दहापट कमी मिळाला तर तेवढेच बंध तुटायला तुटण्याचा वेग दहापट हवा. आपल्या या पॉलिमरचा वेग चारशेच्या आसपास दर तेरा-चौदा अंशांनी दुप्पट होतो. म्हणून चव्वेचाळीस अंश पुढे जावे लागते.

आणि इथेच खरी गंमत सुरू होते. सक्रियण ऊर्जा म्हणजे तुटण्याआधी ओलांडायचा उंबरठा. तो निम्मा असेल, मोलला १०० किलोज्यूल, तर हाच घाट चव्वेचाळीसऐवजी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी अंश सरकतो. उंच उंबरठ्याची रेघ थोडी सरकते, बुटक्या उंबरठ्याची जास्त. म्हणजे रेघ किती सरकली हे मोजले की उंबरठा किती उंच हे कळते. ज्याला प्रयोगातली अडचण म्हणून हिशेबातून काढून टाकावे असे वाटते, तेच सरकणे माहिती देते आहे.

ही दृष्टी एकट्या ओझावांची नव्हती, हे आधीच सांगायला हवे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये होमर किसिंजर यांनी १९५६ आणि १९५७ मध्ये खनिजांवर काम करताना शिखराचे तापमान वेगाबरोबर कसे सरकते यावरून ऊर्जा काढली होती. हेन्री फ्रीडमन यांनी १९६४ मध्ये फिनॉलिक प्लॅस्टिकवर अनेक वेगांचे रन घेतले होते. पण त्याच काळात एकाच रेघेवरून सगळे उत्तर काढण्याच्या पद्धतीही जोरात होत्या. फ्रीमन आणि कॅरल यांची १९५८ची, कोट्स आणि रेडफर्न यांची १९६४ची. एक रन, एक आलेख, एक सरळ रेघ, झाले काम. त्यांचा मोह मला समजतो. पण एका रेघेत बसतील असे ऊर्जेचे आणि मार्गाचे जोड पुष्कळ निघतात. मोडण्याची तऱ्हा एक गृहीत धरली तर ऊर्जा एक येते, दुसरी धरली तर दुसरी, आणि दोन्ही वेळा रेघ झकास जुळते. एका लयीत एकदाच ऐकलेल्या गाण्यावरून गवय्याचा दम ठरवण्यातला हा धोका आहे.

ओझावांची पहिली जागा इथे आहे, आणि ती इतकी सहज आली आहे की वाचणारा थांबत नाही. ते पॉलिमरला विचारतच नाहीत की तू कसा मोडतोस. साखळी टोकापासून उसवते की मधूनच कुठेही तुटते, पहिल्या कोटीची अभिक्रिया की आणखी काही, ही चौकशी ते बाजूला ठेवतात. त्याऐवजी एक टप्पा धरतात. समजा, वजन दहा टक्के घटले तो क्षण. दोन, पाच, दहा आणि वीस अंशांच्या चारही रेघांवर तो क्षण शोधायचा आणि प्रत्येकाचे तापमान टिपायचे. मोडण्याच्या तऱ्हेचे जे काही गणित असेल ते या चारही ठिकाणी एकसारखेच असणार, कारण चौघेही एकाच मैलाच्या दगडाशी उभे आहेत. समीकरणाच्या दोन बाजूंना एकच अज्ञात राशी असेल तर ती शोधायची गरज उरत नाही, ती कटते. मागे उरतो फक्त वेग आणि तापमान यांचा संबंध, म्हणजेच ऊर्जा. जे माहीत नाही त्याच्याबद्दल काही गृहीत न धरता त्याला असे अलगद बाहेर काढणे, ही मला या निबंधातली सर्वांत सभ्य कृती वाटते.

दुसरी जागा गणिताची, आणि ती उसनवारीची आहे. तापमान स्थिर असते तर काम सोपे होते. अर्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेले घातांकी सूत्र सरळ वापरता आले असते. पण तापमान चढत राहते, त्यामुळे त्या सूत्राचे तापमानावर संकलन करावे लागते. हे संकलन हट्टी आहे. नेहमीच्या फलनांत ते बंद रूपात सुटत नाही. डॉइल यांनी १९६०च्या सुरुवातीच्या वर्षांत एक निरीक्षण केले होते. ऊर्जा भागिले वायू-स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार, ही राशी वीस ते साठच्या दरम्यान असेल, तर त्या हट्टी संकलनाचा लॉग जवळजवळ सरळ रेघेत जातो. उतार ०.४५६७. आपल्या २०० किलोज्यूलवाल्या पॉलिमरसाठी चारशे अंशांना ही राशी छत्तीसच्या आसपास येते, म्हणजे अगदी हद्दीच्या आत.

या ०.४५६७ वर जरा थांबू. दशमान लॉग वापरणाऱ्यांना ०.४३४३ हा आकडा तोंडपाठ असतो. तो ई या संख्येचा लॉग. नुसता घातांक असता तर उतार तेवढाच आला असता. डॉइल यांचा आकडा त्याच्यापेक्षा पाच टक्क्यांनी जास्त आहे. ही पाच टक्क्यांची वाढ म्हणजे चढत्या तापमानाची सही आहे. भट्टी एका जागी थांबलेली नव्हती, चढत होती, एवढी एक गोष्ट त्या वाढीत नोंदली गेली आहे. ओझावा हा आकडा घेतात आणि त्याच्यावर फक्त एक बेरीज करतात. तापवण्याच्या वेगाचा लॉग अधिक ०.४५६७ गुणिले ती राशी, ही बेरीज एका टप्प्यासाठी सर्व वेगांना सारखीच राहते. झाले. वेगाचा लॉग उभ्या अक्षावर, निरपेक्ष तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर, चार ठिपके, एक सरळ रेघ, आणि तिच्या उतारात ऊर्जा. पट्टी, पेन्सिल आणि लॉगचे कोष्टक पुरते. आज संगणक ते हट्टी संकलन हवे तितके अचूक करून देतो आणि डॉइल यांची सरळ रेघ आता जाडीभरडी समजली जाते, ते योग्यच आहे. राशी वीसच्या खाली गेली की चूक डोळ्यांत भरण्याएवढी होते. पण १९६५ साली आलेख-कागदावर बसून कुणालाही करता येईल असे काम त्यांनी करून दाखवले. उसने घेतलेला दागिना नेमका कुठे शोभेल हे कळायलाही नजर लागते.

आता मला जिच्यापाशी सर्वांत जास्त रेंगाळायचे आहे ती जागा.

ओझावा आडव्या अक्षावर तापमान न घेता त्याचा व्यस्त घेतात. हा अक्षाचा बदल वाचताना तांत्रिक सोय वाटतो. त्याचे मोल मला कळले ते बटर पेपरमुळे. पॉलिस्टायरीनचे चार रन मी चार बटर पेपरवर काढून घेतले होते. पॉलिस्टायरीन म्हणजे आपला थर्माकोल ज्याचा बनतो तेच. नायट्रोजनमध्ये ते बऱ्यापैकी सरळमार्गी मोडते. आधी नेहमीसारखे तापमानाच्या अक्षावर काढले. दोनचा कागद खिडकीच्या काचेवर चिकटवला, त्यावर वीसचा ठेवून सरकवू लागलो. घाटमाथा जुळला तर पायथा जुळेना, पायथा जुळवला तर माथा सुटे. वीसची रेघ जराशी पसरट होती. आपल्या हिशेबातल्या पॉलिमरसाठी हा पसरटपणा तेरा टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे रेघ नुसती सरकलेली नव्हती, ताणलीही गेली होती.

मग तेच आकडे व्यस्त तापमानाच्या अक्षावर काढले. पुन्हा काचेवर चिकटवले. मागून उन्हाचा कवडसा येत होता. वीसचा कागद आडवा, सरळ, अंगठ्याने ढकलत नेला आणि एका क्षणी चारशेपेक्षा जास्त ठिपक्यांच्या त्या दोन रेघा एकमेकींत शिरल्या. माथा, उतार, पायथा, सगळे एकदम. मग पाचचा, मग दहाचा. चार कागद एकावर एक आणि दिसते आहे एकच रेघ, फक्त जरा ठसठशीत झालेली. कागदांच्या कडा मात्र जिन्याच्या पायऱ्यांसारख्या मागेपुढे राहिल्या होत्या. दोन ते वीस हे अंतर त्या कडांवर पट्टीने मोजता येत होते आणि पाच ते दहाचे अंतर दहा ते वीसएवढेच होते, कारण दोन्हीकडे वेग दुप्पटच झाला होता. ऊर्जा हवी असेल तर ती त्या पायरीच्या रुंदीत होती.

ओझावांच्या निबंधात हे थोडक्यात उरकले जाते: व्यस्त तापमानावर काढलेल्या रेघा आडव्या सरकवून एकमेकींवर बसवता येतात. तेवढ्यात अख्खी दृष्टी आहे. तापवण्याचा वेग ही बाहेरून आलेली गोष्ट, आणि मोडण्याचा स्वभाव ही पॉलिमरची स्वतःची. तापमानाच्या अक्षावर दोन्ही एकमेकींत गुंतून येतात. व्यस्त अक्षावर त्या सुट्या होतात: रेघ कुठे आहे हे वेग सांगतो, रेघ कशी आहे हे पॉलिमर सांगतो. गुंता सोडवायला त्यांनी दोरा ओढला नाही, फक्त बसायची जागा बदलली.

तिथून ते एक पाऊल पुढे टाकतात आणि प्रत्येक प्रयोगाच्या वेळेचे एका समान मापात रूपांतर करतात. त्याचा अर्थ लावायचा तर असा: तापमान अनंत असते तर हा टप्पा गाठायला जेवढा वेळ लागला असता तो. ऐकायला विचित्र, वापरायला फार समंजस. कारण या मापात सर्व वेगांच्या रेघा एकाच मूळ रेघेवर येऊन बसतात. भट्टी हळू चढली, झरझर चढली, की एका तापमानाला तासन्‌तास थांबली, याने फरक पडत नाही. एका तऱ्हेने तापवून मिळालेली माहिती दुसऱ्या तऱ्हेच्या तापमानासाठी वापरण्याची वाट त्यातून उघडते, आणि ओझावा ती सुचवून ठेवतात.

उदाहरणांची निवडही पाहण्यासारखी आहे. त्यांनी दोन घेतली: कॅल्शियम ऑक्झलेट आणि नायलॉन ६. कॅल्शियम ऑक्झलेट, म्हणजे बहुतेक मुतखड्यांत जे असते तेच, टीजीए करणाऱ्यांचे जुने ओळखीचे. एका पाण्याच्या रेणूसह असलेल्या त्याच्या स्फटिकातून तापवल्यावर आधी १२.३ टक्के पाणी जाते, मग १९.२ टक्के कार्बन मोनॉक्साइड, मग ३०.१ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि खाली चुना उरतो. तीन स्वच्छ पायऱ्या, नवा तराजू तपासायला घ्यावा असा पदार्थ. नायलॉन ६ नेमका उलट स्वभावाचा. कॅप्रोलॅक्टमची वर्तुळे उघडून ही साखळी बनवलेली असते. तापली की काही ठिकाणी ती पुन्हा वळून त्याच वर्तुळांत मिटते, काही ठिकाणी भलतीकडेच तुटते. एक पदार्थ असा की त्याचे उत्तर सगळ्यांना माहीत, दुसरा असा की त्याची तऱ्हा एका ओळीत सांगता येत नाही. पहिल्यावर पद्धत खरी ठरते की नाही हे पाहायचे आणि दुसऱ्यावर तिची गरज काय हे दाखवायचे. दोन्हीकडे आलेली उत्तरे आधी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांशी जुळतात असे ते नमूद करतात, आणि पुढे जातात. दोनच उदाहरणांत पद्धतीची कसोटी आणि तिचे प्रयोजन दोन्ही उरकण्याचा हा नेमकेपणा मला फार आवडतो.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेत जोसेफ फ्लिन आणि लिओ वॉल यांनी स्वतंत्रपणे हीच पद्धत मांडली. म्हणून आज ती तिघांच्या नावाने ओळखली जाते.

पण रेघा नेहमीच इतक्या सुबक जुळत नाहीत, आणि मला वाटते पद्धतीचे खरे सौंदर्य तिथेच आहे. दहा टक्क्यांचा टप्पा, वीसचा, तिसाचा, असे टप्पे घेत गेलात तर प्रत्येक टप्प्याची एक सरळ रेघ मिळते. मोडण्याची तऱ्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असेल तर या रेघा समांतर राहतात, तंबोऱ्याच्या तारांसारख्या. तऱ्हा बदलत असेल तर त्या पंख्यासारख्या फाकतात. युटा विद्यापीठातले पीटरसन, व्याझोव्किन आणि वाइट यांनी २००१ मध्ये हे फाकणे फार सुंदर वाचून दाखवले. नायट्रोजनमध्ये पॉलिस्टायरीनसाठी त्यांना मोलला सुमारे २०० किलोज्यूल मिळाले, पॉलिएथिलीनसाठी २४०, पॉलिप्रॉपिलीनसाठी २५०. पण शेवटच्या दोघांत अगदी सुरुवातीला फक्त १५०. म्हणजे मोडण्याची सुरुवात साखळीतल्या कच्च्या दुव्यांपासून होते. ते संपले की मगच पक्क्या दुव्यांची पाळी येते. आणि नायट्रोजनच्या जागी हवा सोडली की तेच पॉलिएथिलीन ८० वर उतरते, कारण आता पेरॉक्साइडची नवी वाट उघडलेली असते. एका वजनाच्या तराजूने, साखळीकडे ढुंकूनही न पाहता, तिच्यातले कच्चे टाके कुठे आहेत हे सांगावे, ही साधी गोष्ट नव्हे.

हे वाचायचे तर सरकणे खरे असले पाहिजे, एवढी एक अट आहे. सरकण्याचे एक खोटे रूपही असते आणि ते मी स्वतः अनुभवले आहे. उमेदवारीच्या काळात मी एका पॉलिमरचे चार रन घेतले होते, प्रत्येकी वीस मिलिग्रॅम नमुन्याचे. रेघा छान आल्या, ठिपके सरळ बसले, ऊर्जा मात्र अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. नवीन काही सापडले असे वाटून मी सरांकडे गेलो. त्यांनी आलेख बाजूला ठेवला आणि वाटी मागितली.

“वाटीत डोंगर केला आहेस. आत आच पोचायला वेळ नको का?”

वीसच्या वेगाला बाहेरचा थर भट्टीबरोबर चढत होता आणि आतला मागे रेंगाळत होता. तापमापक मात्र भट्टीचे तापमान सांगत होता. त्यामुळे वीसच्या वेगाची रेघ होती त्याहून जास्त उजवीकडे दिसली, आणि सरकणे जास्त म्हणजे उंबरठा बुटका, म्हणून ऊर्जा कमी. सरांनी मला पाच मिलिग्रॅमवर आणले, नमुना ठेचून वाटीच्या तळाशी पातळ पसरायला लावला आणि एक आडाखा दिला, जो या क्षेत्रात अनेक जण पाळतात: मिलिग्रॅममधले वजन गुणिले मिनिटाचे अंश, हा गुणाकार शंभरच्या वर जाऊ द्यायचा नाही. माझा चारशे होता. मग त्यांनी निकेलची तार वाटीत ठेवून, भट्टीबाहेर चुंबक लावून, तापमापकाची परीक्षा कशी घ्यायची तेही दाखवले. साडेतीनशेच्या थोडे वर निकेलचे चुंबकत्व जाते आणि तराजूवर वजनाची उडी दिसते. ही उडी प्रत्येक वेगाला वेगळी तपासायची. त्या दुपारी मला कळले की या पद्धतीत कौशल्य आलेखावर सुरू होत नाही, वाटीत नमुना पसरण्यापासून सुरू होते.

निबंधाच्या शेवटाकडे ओझावा एक प्रश्न उपस्थित करतात, आणि तो साऱ्या सूत्रांहून दूर पोचणारा आहे. पदार्थाचे उष्णतेपुढचे टिकाऊपण कशावरून ठरवायचे? तेव्हा रूढ होते, आणि आजही आहे, की ठरावीक वजन घटेल ते तापमान सांगायचे. ज्याचे तापमान जास्त तो टिकाऊ. ओझावा या व्याख्येवरच टीका करतात. लेखकाचा पत्ता टोकियोच्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीचा आहे, आणि वीजतंत्राच्या जगात पॉलिमर म्हणजे मुख्यतः तारांचे आणि यंत्रांचे इन्सुलेशन. तिथे टिकाऊपणाचा प्रश्न वर्षांचा असतो, भट्टीतल्या तासाभराचा नसतो.

टीका किती नेमकी आहे ते आपल्याच आकड्यांवर पाहू. दोन पॉलिमर घ्या, एकाची ऊर्जा १००, दुसऱ्याची २०० किलोज्यूल. मिनिटाला दहा अंशांच्या वेगाला दोघेही बरोबर ४०० अंशांपाशी मोडतात. नेहमीच्या रीतीने दोघे सारखेच टिकाऊ. आता वेग एकवर आणा. पहिला सुमारे ३३० अंशांना मोडतो, दुसरा ३६१ ला. दुसरा स्पष्टपणे वरचढ. वेग शंभरवर न्या. पहिला ४८७ पर्यंत तग धरतो, दुसरा ४४४ लाच मोडतो. आता पहिला वरचढ. तेच दोन पदार्थ, पण भिंतीच्या आत वर्षानुवर्षे मंद तापणाऱ्या तारेसाठी दुसरा निवडावा लागेल आणि काही मिनिटांच्या भडक्यासाठी पहिला. एका वेगाला मोजलेल्या एका तापमानाने यातले काहीच कळले नसते.

आंतरराष्ट्रीय औष्णिक विश्लेषण संघाच्या गतिकी समितीने २०११ मध्ये ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत एकाच वेगाच्या रनवरून गतिकी काढू नये आणि तीन ते पाच वेग घ्यावेत, असे स्पष्ट सांगितले आहे. ओझावांच्या सहा पानांनंतर शेहेचाळीस वर्षांनी. तरीही बाजारात येणाऱ्या माहितीपत्रकांवर ‘विघटन तापमान’ म्हणून एकच आकडा छापलेला मी नेहमी पाहतो. तुमच्या हातात असे पत्रक आले, मग ते केबलच्या वेष्टनाचे असो, पाइपाचे असो की गाडीच्या डॅशबोर्डचे, तर पुरवणाऱ्याला एवढे जरूर विचारा: मिनिटाला किती अंशांनी तापवले होते, आणि दुसऱ्या कुठल्या वेगाला तपासले?